घर एकाचे, जागा दुसऱ्याची

पेण-रोह्याकडच्या कातकरवाडीत कारवीच्या कुडांची घरे दिसतात. कारवी डोंगरातून त्याने आणलेली, सारवण त्याच्या बायकोच्या हातचे. खालची जागा मात्र पुष्कळदा दुसऱ्याची. जुन्या कुलाबा जिल्ह्यात या जागेचे भाडे रोख क्वचितच असे. ते धन्याच्या शेतावर किंवा कोळशाच्या भट्टीवर राबून फेडायचे. हा करार कागदावर नव्हता आणि त्याला मुदतही नव्हती. बापाने लग्नासाठी घेतलेली उचल मुलगा फेडी. काम सोडतो म्हणावे, तर 'घर मोडून ने' हे उत्तर ठरलेले!

शेजारच्या अलिबाग तालुक्यात १९३३ साली चरीचा संप झाला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. खोती प्रत्यक्ष गेली ती १९५० मध्ये. पण हे सारे भांडण शेताचे. घराची दखल घेतली ती १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने. कुळाने स्वखर्चाने गावात बांधलेल्या घरातून त्याला सहजासहजी हुसकता येणार नाही, आणि मालक ती जागा विकू लागला तर पहिला हक्क कुळाचा, असे त्याची १६ व १७ ही कलमे सांगतात. पुढे शेतमजूर आणि कारागीर यांनाही हे संरक्षण लाभले. जागा कुळाच्या मालकीची करण्याची तरतूदही आली. किंमत वार्षिक भाड्याच्या वीस पटींहून अधिक नाही.

येथेच मेख आहे. ज्याने भाडे घामाने दिले त्याने पावती कोठून आणावी? वीस पट करायची ती कशाची? कायदा करणारांच्या डोळ्यांपुढे खंड भरणारे कूळ होते. वेठीचा गडी नव्हता, असे मला वाटते.

ही उणीव १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बरीचशी भरून काढली. वेठीला बांधणारी रूढी असो वा करार, तो निरर्थक ठरला. ते कर्जही बुडाले. आठव्या कलमाने तर वेठीच्या मोबदल्यात मिळालेल्या घरातून मुक्त झालेल्या माणसास काढण्याची मनाई केली. त्याहून मोलाचे मला पंधरावे कलम वाटते. गडी म्हणाला की कर्ज वेठीचे आहे, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर. कागद दाखवायचा तो आता धन्याने.