अंतर्गळ (हर्निया)

पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडे किंवा आतली चरबी बाहेर सरकणे. बोलीत ‘आतडं उतरलं’ म्हणतात. जांघेतला प्रकार सर्वांत अधिक, तोही पुरुषांत. बेंबीचा आणि जुन्या टाक्यांच्या जागेचा हे इतर प्रकार. मांडीच्या मुळाशी येणारा स्त्रियांत तुलनेने अधिक. तो लवकर अडकतो.

लक्षणे : उभे राहिले, खोकले, शौचाला जोर केला की फुगवटा येतो, आडवे पडले की जातो. दुखणे थोडे, दिवस मावळताना जडपणा व ओढ जास्त. फारसे दुखत नाही म्हणूनच माणसे वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

अंडवृद्धीशी गल्लत : वृषणाच्या पिशवीत पाणी भरणे म्हणजे अंडवृद्धी; ती हत्तीरोगानेही होते, आणि नांदेड व लातूर हे हत्तीरोगाचे जिल्हे म्हणून नोंदले गेले आहेत. त्यामुळे वृषणाच्या पिशवीला आलेली सूज म्हणजे ‘पाणी भरलं’ असे इकडे सहज धरले जाते. फरक हाताने कळतो. पाणी भरलेल्या सुजेच्या वरच्या बाजूला बोटांची चिमूट सहसा पोचते; अंतर्गळात पोचत नाही, कारण सूज थेट पोटातून उतरलेली असते. रुग्णाला खोकायला सांगितले की अंतर्गळाचा धक्का बोटांना लागतो. अंधारात विजेरी लावली तर पाण्याची पिशवी लालसर उजळते. तान्ह्या बाळांत मात्र ही खूण फसवी. निदान न करता सुई टोचून पाणी काढू पाहणे घातक आहे : आत आतडे असेल तर तेच फुटू शकते.

कारणे : जन्मतः उघडा राहिलेला मार्ग, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला कुंथावे लागणे. लातूरच्या आडत बाजारातला हमाल किंवा उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारा तोडकरी यांना ओझ्यानेच अंतर्गळ होतो, की आधीची कमजोरी ओझ्याने उघडी पडते, यावर एकमत नाही.

उपचार : पट्ट्याने अंतर्गळ बरा होत नाही, सहसा शस्त्रक्रिया हाच उपाय. मोठ्या माणसांत बहुधा जाळी बसवतात. ही जाळी महाग पडे, म्हणून धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. या कापडाचा अनेक केंद्रांवरील अनुभव 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या ग्रामीण शल्यचिकित्सेने जगाला दिलेली ही मोलाची देणगी होय. पुढे युगांडात 302 पुरुषांवर अशा स्वस्त व महाग जाळीची तुलना झाली (2016). वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा अंतर्गळ उलटला, महागडीच्या गटात एकाचाही नाही. हा फरक नगण्य ठरला. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीविना, रुग्णाच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरण्याची पद्धत मांडली (2001).

सोयी : नांदेड (विष्णुपुरी) व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. 2012 मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. तिचेच आताचे रूप असलेल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारावे.

तातडी : फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर आतडे अडकले असे समजावे. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते सडू लागते. अशा वेळी चोळू नये, दाबून आत घालू नये, सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे.