नदीपलीकडची परदेशी कंपनी

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला लागूनच भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावतीपलीकडे आज छत्तीसगड आहे. १९४७ पर्यंत तिथे बस्तर संस्थान होतं. खाली प्राणहिता ओलांडली की निजामाचं हैदराबाद. कंपनी कायद्याच्या लेखी हे दोन्ही मुलूख लंडनइतकेच परके.

१९१३ च्या इंडियन कंपनीज ॲक्टमध्ये २७७ वं कलम होतं. ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर नोंदलेल्या कंपनीने चांदा जिल्ह्यात (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) कचेरी थाटली, तर महिन्याभरात रजिस्ट्रारकडे घटनापत्राची प्रमाणित नक्कल आणि संचालकांची यादी द्यावी लागे. शिवाय नोटीस घ्यायला ब्रिटिश हद्दीत राहणाऱ्या एका माणसाचं नाव-पत्ता. ही अट सगळ्यांत शहाणी. मालक निजामाच्या राज्यात, मुनीम जंगलात. मग समन्स बजावायचं कुणावर? दारावरच्या पाटीवर कंपनी कुठल्या देशातली तेही लिहायचं, इंग्रजीत आणि स्थानिक लिपीत. त्याच जिल्ह्यातल्या सिरोंच्यात ही लिपी तेलुगू की देवनागरी, यावर कचेरीत चांगलाच खल झाला असता. इथल्या माडिया बोलीला तर स्वतःची लिपीच नाही.

सीमा मात्र कुठे एका जागी होत्या? सिरोंच्याचा मुलूखच १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. वर्धा नदीच्या अलीकडे बल्लारपूर, पलीकडे राजुरा. १९४५ मध्ये बल्लारपूरच्या कागद कंपनीची नोंदणी झाली, तेव्हा राजुरा हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे नदी ओलांडली की ही कंपनी परकी. पलीकडे सिरपूरलाही निजामाच्या आमदानीत कागदाची गिरणी उभी राहिली होती. दोन्हीकडे बांबू तोच, फक्त कायदे दोन. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्याला जोडलं गेलं.

हैदराबाद विलीन झालं आणि १ एप्रिल १९५१ पासून केंद्राचा कंपनी कायदा तिथेही लागू झाला. तेव्हापासून हैदराबादच्या कंपनीला गडचिरोलीत पुन्हा नोंदणी नको. पण २०१७ मध्ये जीएसटी आला आणि नद्या परत कागदावर आल्या: महाराष्ट्रातल्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात २७ ने, तेलंगणात ३६, छत्तीसगडात २२. माल जिथून विकायचा, त्या राज्याचा क्रमांक लागतो.

तेंदूपत्त्याला तर १९६९ पासून राज्याचा वेगळा कायदा आहे. विडी कारखानदार आणि पत्ता बाहेर नेणारा, दोघांनाही वनखात्याकडे नोंद करावी लागते. उन्हाळ्यात मात्र बाया सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत असतात, आणि ठेकेदाराचा माणूस नदीच्या कुठल्याही काठचा असला तरी आधी शंभर पुड्यांचा भाव विचारला जातो.