भारताचे हवाई संरक्षण : 'त्रिशूल' ते 'आकाशतीर'

१९८३ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली आरंभिलेल्या एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमात हवाई संरक्षणासाठी 'त्रिशूल' व 'आकाश' यांची योजना होती. त्रिशूल रखडल्याने नौदलास इस्रायली 'बराक' खरेदी करावे लागले. २००८ मध्ये तो प्रकल्प बंद झाला. १९९० मध्ये प्रथम चाचणी झालेले आकाश २०१५ मध्ये भूदलात दाखल झाले. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोन रोखताना आकाशहून कितीतरी जुन्या एल-७० तोफाही उपयोगी पडल्या, कारण 'आकाशतीर' प्रणालीने त्यांना रडारांशी जोडले होते. स्वस्त ड्रोनवर महागडी क्षेपणास्त्रे खर्चणे कोणत्याही राष्ट्रास परवडणारे नाही. सारांश, संरक्षणाचे कवच एका शस्त्राने नव्हे, तर दीर्घकालीन संशोधन व परस्पर समन्वयातून सिद्ध होते.