तळटीप : मेजर ओक

१. मेजर ओक – इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या शेरवुड जंगलातला पुराणवृक्ष. नावातला ‘मेजर’ आकाराचा नव्हे, हुद्द्याचा. मेजर हेमन रूक यांनी १७९० साली या झाडाचं वर्णन छापलं, तेव्हापासून त्यांचं नाव त्याला चिकटलं. त्याआधी ते ‘कॉकपेन ट्री’ होतं. झुंजीचे कोंबडे त्याच्या ढोलीत ठेवत, म्हणून. रॉबिन हूड याच ढोलीत लपे, असं लोक सांगतात. झाडाचं वय ८०० ते १००० वर्षं धरलं, तर रॉबिनच्या काळी ते कोवळं, भरीवच असणार; गाभा बुरशीनं पोखरला तो पुढे. तरी ही कथा टाकाऊ नव्हे. तिच्यामुळेच लोकांची झाडावर माया जडली. ओथंबलेल्या फांद्यांखाली टेकू आले, आणि येणाऱ्यांच्या पावलांनी मुळांवरची माती दबू लागली तेव्हा भोवती कुंपणही. – संपा.