पणती, पुदिना आणि प्राण

दिवाळीत वाऱ्याने पणती विझू नये म्हणून आमच्या घरी कोणीतरी तिच्यावर काचेचा पेला पालथा घालतो, आणि वाऱ्याच्या तावडीतून वाचलेली ती पणती पेल्याखाली पाहता पाहता विझते. गेल्या वर्षी माझ्या लेकीच्या लेकीने विचारले, "आजोबा, वारा तर लागला नाही, मग ती का गेली?"

"हवा संपली," असे सांगून मी मोकळा झालो.

"पण पेल्यात हवा आहेच की!"

तिचे म्हणणे खरे होते. हवा असूनही दिवा का विझतो, हे कोडे सुटायला शहाण्या माणसांना पुष्कळ वर्षे लागली. त्याचीच ही हकिकत.

इंग्लंडात लीड्स शहरी जोसेफ प्रीस्टली नावाचा धर्मोपदेशक होता. प्रवचने करावी आणि उरल्या वेळात हवेचे प्रयोग करावे, असा त्याचा क्रम. बंद भांड्यात मेणबत्ती विझते आणि कोंडलेला उंदीरही गुदमरतो, हे त्याला ठाऊक होते. मग जगात इतक्या चुली पेटतात, इतके जीव श्वास घेतात, तरी सारी हवा नासून कशी जात नाही? १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्याने मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. २७ तारखेला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती धरून पाहिली, तो ती छान जळू लागली! बिघडलेली हवा त्या डहाळीने सुधारली होती. पुढे १७७९ साली इंगेनहाऊस या डच वैद्याने दाखवले की, ही किमया वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तीही फक्त उजेडात.

इकडे पॅरिसमध्ये लाव्हाझियेने या सुधारलेल्या हवेतला प्राणवायू ओळखला. १७८२-८३च्या हिवाळ्यात त्याने लाप्लासच्या साह्याने एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते मोजले. त्याच्या श्वासातून जेवढा कर्बवायू बाहेर पडतो तेवढा कोळसा जाळून निर्माण केला, तर किती बर्फ वितळते तेही पाहिले. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. श्वसन म्हणजे मंद ज्वलनच, हे त्याने ताडले.

या दोघांचे पुढे काय झाले? फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेतली म्हणून १७९१ साली बर्मिंगहॅमच्या जमावाने प्रीस्टलीचे घर आणि प्रयोगशाळा जाळली. तो पुढे अमेरिकेत गेला. आणि त्याच क्रांतीने ८ मे १७९४ रोजी लाव्हाझियेचा शिरच्छेद केला!

पण एक शंका उरलीच. आपण जळत असतो तर भाजत कसे नाही? वात एका दमात जळते. आपल्या पेशी मात्र अन्न पायरीपायरीने जाळतात आणि त्यातली शक्ती लहान लहान नाण्यांत साठवतात. शंभराच्या नोटेने जुडीभर कोथिंबीर घ्यायला गेलो, तर भाजीवाली आधी मोड मागते. अन्न ही नोट, आणि एटीपी नावाचे द्रव्य ही पेशीची मोड. १९२९ साली हे द्रव्य जर्मनीत लोहमानला सापडले, आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनाही. हे यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमवरमचे. आपल्याकडे त्यांचे नाव फार थोड्या घरांत घेतले जाते, याची मला खंत वाटते.

ही मोड पाडणारी पेशीतली मुख्य टांकसाळ म्हणजे मायटोकाँड्रिया. १९६७ साली लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने निबंध प्रसिद्ध केला की, हे मायटोकाँड्रिया एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होते. दुसऱ्या पेशीत ते पाहुणे म्हणून शिरले आणि घरचेच झाले. अनेक नियतकालिकांनी तो निबंध आधी साभार परत केला होता. पुढे पुरावा मिळत गेला. मायटोकाँड्रियांना आजही स्वतःचे वेगळे आनुवंशिक द्रव्य आहे, आणि ते जिवाणूंच्या द्रव्याशी जुळते. वड, फुलपाखरू, अळंबी आणि माणूस यांची रूपे उत्क्रांतीने किती निराळी केली! पण आत जळणारी ज्योत त्या एकाच जुन्या पाहुण्याची.

आणि माणसाला ती आईकडून मिळते. माझ्या नातीला ती माझ्या लेकीने दिली, लेकीला तिच्या आईने, आणि तिला तिच्या आईने. दिव्याने दिवा लावावा तशी ती चालत आली आहे. मी त्या रांगेत नाही. मला माझ्या आईची मिळाली, ती माझ्यापाशीच थांबणार.

यंदा नातीला नीट उत्तर देणार आहे. पेल्यात हवा असते, पण तिच्यातला प्राणवायू ज्योतीला पुरेनासा होतो. मग तिला तुळशीवृंदावनाशी नेईन. तुळस आणि पुदिना एकाच कुळातले. आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. रात्री तुळस प्राणवायू देतही नाही. पण तिच्यापुढे लावलेली पणती ज्या हवेवर जळते, त्या हवेतला प्राणवायू दिवसाउजेडी कुठल्या तरी हिरव्या जीवानेच दिलेला असतो. आणि ती पणती पाहताना आपण जो श्वास घेतो, त्यातलाही.