पेटी मडमेची, हात कोणाचे?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वस्त्यांत सुई-दोरा, बटणं, कात्री ठेवायची पेटी म्हणजे बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी याच देशातले कारागीर त्याच कामासाठी चंदनाच्या, हस्तिदंताच्या पेट्या घडवत होते. पण त्या त्यांच्या घरातल्या बायकांसाठी नव्हत्या. त्या गोऱ्या साहेबांच्या मडमांसाठी आणि विलायतेच्या बाजारासाठी होत्या.

विशाखापट्टणमला लाकडी पेटीवर हस्तिदंताचे पातळ पत्रे बसवत, त्यावर नक्षी कोरत आणि कोरलेल्या रेघांत काळी लाख भरत. काही पेट्या चक्क घराच्या आकाराच्या. छप्पर उघडलं की आत रिळं, अंगुस्तान, सुयांची नळी. मुंबई-सुरतेकडे सादेली काम चाले. हस्तिदंत, लाकूड, कथील यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवायच्या, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते चंदनी पेटीवर बसवायचे. त्यातला एकेक तुकडा ज्वारीच्या दाण्याहून लहान! विलायतेत यांना 'बॉम्बे बॉक्स' हेच नाव पडलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात असं काम मांडलं गेलं.

आज या पेट्या परदेशी संग्रहालयांत आहेत. गावाचं नाव असतं, शतक असतं, कधी मालकिणीचं नावही असतं. घडवणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक पेट्यांवर नाही. का?

जॉर्ज बर्डवूड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० साली भारतीय कलाकुसरीवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने इथल्या गावगाड्याचं आणि पिढीजात धंद्याचं तोंड भरून कौतुक केलं. बापाचं काम मुलाने करायचं, म्हणून म्हणे कला टिकते! साहेबाला हे गोड वाटलं आणि आपल्याकडच्या सनातन्यांनाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याच कौतुकाच्या मुळावर घाव घातला. धंदा आवडीने, कुवतीने निवडलेला नसून जन्माने लादलेला आहे; आणि तो बुडाला तर जात दुसरा धंदा करू देत नाही, म्हणून ती बेकारीचं कारण होते, असं त्यांनी दाखवलं. जिथे काम ही जातीची खूण ठरते, तिथे माणसाचं नाव विचारायची गरजच उरत नाही. 'अमक्या जातीचा' एवढं पुरतं.

पण नेहमीच असं होतं का? आपल्याच जिल्ह्यातलं तेर पाहू. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जात असे, असं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात नोंदलेलं आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासक सांगतात. म्हणजे पश्चिमेच्या घरांत इथलं हस्तिदंती काम जाण्याला दोन हजार वर्षं झाली.

त्याच तेरमध्ये उत्खननात विटांचा बौद्ध स्तूप सापडला. आणि बौद्ध स्तूप काय सांगतात? सांचीच्या दक्षिण तोरणावर कोरलेलं आहे, की हे शिल्पकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. तिथे एकेकाचं नाव नाही, हे खरं. पण कारागीर तिथे मान खाली घालून उभा नाही. आपल्या कामाची ओळख तो दगडावर लिहून ठेवतो.

तेरचा एक कारागीर पुढे नावाने अमर झाला, गोरा कुंभार. पण मडक्यांमुळे नव्हे, अभंगांमुळे. कारागिराला नाव मिळायला संत व्हावं लागलं!

आज आमच्या बचत गटातल्या बाया गोधड्या शिवतात. शहरात अशा गोधडीवर 'हँडमेड' लिहिलेलं असतं. कुणाचा हँड, ते लिहिलेलं नसतं. म्हणून आम्ही गटांत एक आग्रह धरतो. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीने आपलं नाव आणि गाव दोऱ्याने टाकावं, आणि दरही तिने स्वतः सांगावा. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिने आधी नाव लिहायला शिकावं. सुई तर तिच्या हातात आहेच.

जय भीम!