विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली



एखाद्या गृहस्थानें पुरें मोल देऊन वाडा विकत घ्यावा, खरेदीखत आपल्या नांवें करून घ्यावें, आणि राहावयास गेल्यावर त्यास असें कळावें कीं, दोन खोल्यांच्या किल्ल्या अद्याप विकणाराच्याच कमरेला आहेत, पाणी अमुक एकाच विहिरीचें भरावयाचें आहे, आणि भिंतींत खुंटी ठोकावयाची झाली तरी पूर्वींच्या मालकाची परवानगी लागणार आहे; तर तो गृहस्थ काय म्हणेल? हा वाडा माझा कीं त्याचा, असें विचारल्यावांचून तो राहणार नाहीं. हाच प्रश्न आज आपल्या प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइल फोनाविषयीं विचारतां येतो. कारखानदारानें फोनाला घातलेलीं कुलुपें मालकानें स्वतः उघडणें, ह्या खटाटोपाचा इतिहास आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे. मी निवृत्त शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां यंत्रविद्येच्या खोल पाण्यांत मी शिरणार नाहीं. परंतु हा इतिहास मुख्यतः यंत्राचा नसून मालकीचा आहे, आणि म्हणूनच तो घरोघरच्या उपयोगाचा आहे.

गोष्ट मोबाइलच्या पुष्कळ आधीं सुरू होते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील बहुतेक सर्व टेलिफोन ए. टी. अँड टी. ह्या एकाच कंपनीच्या ताब्यांत होते. घरांतलें यंत्रही कंपनीचेंच असे. ग्राहक त्याचें भाडें भरी. कंपनीनें न दिलेली कोणतीही वस्तु त्या यंत्राला जोडावयाची नाहीं, असा तिचा कडक नियम होता. सन १९२१ पासून तेथें 'हश-अ-फोन' नांवाची एक साधी वस्तु विकली जात असे. ती म्हणजे टेलिफोनाच्या तोंडाशीं बसविण्याचा एक पेला. त्यांत तोंड घालून बोललें म्हणजे शेजारच्यास कांहीं ऐकूं जात नसे. तींत ना तार, ना वीज. तरीही कंपनीनें तिला हरकत घेतली, आणि सरकारच्या दळणवळण मंडळानेंही सन १९५५ मध्यें कंपनीचीच बाजू उचलून धरली. पुढच्याच वर्षीं वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानें हा निकाल फिरविला. कोर्टाचें म्हणणें मोठें मार्मिक होतें. तोंडाभोंवतीं हाताची ओंजळ धरून बोलण्यास जर मनाई नाहीं, तर त्याच कामासाठीं पेला वापरून हात लिहिण्यास मोकळा ठेवण्याला मनाई कां असावी? ज्यांत ग्राहकाचें हित आहे आणि लोकांचें अहित नाहीं, असा टेलिफोनाचा उपयोग करण्याचा त्यास हक्क आहे, हें तत्त्व त्या निकालानें स्थापित झालें.

त्यानंतर टेक्सासमधील टॉमस कार्टर ह्या गृहस्थाची पाळी आली. दूरवरच्या तेलाच्या विहिरींवर काम करणाऱ्या लोकांसाठीं त्यानें बिनतारी यंत्र आणि टेलिफोन ह्यांची सांगड घालणारें 'कार्टरफोन' हें उपकरण काढलें. सन १९५९ ते १९६६ ह्या काळांत अशीं सुमारें ३,५०० उपकरणें खपलीं. कंपनीनें पुन्हा हरकत घेतली. परंतु जून १९६८ मध्यें खुद्द दळणवळण मंडळानेंच कार्टरच्या बाजूनें निर्णय दिला. जाळ्याला अपाय होत नसेल तर बाहेरचें उपकरण जोडण्यास मज्जाव करतां येणार नाहीं, असें ठरलें. ह्या एका निर्णयाचें फळ किती मोठें निघालें! निरोप नोंदवून ठेवणारीं यंत्रें, फॅक्स, आणि दोन संगणकांना टेलिफोनाच्या तारेवरून बोलतें करणारें मोडेम हीं घरोघरीं आलीं तीं ह्याच उघडलेल्या दारानें. सामान्य कुटुंबांत इंटरनेटचा प्रवेश झाला तो प्रथम ह्या मोडेमच्या वाटेनें, हें आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल.

ह्या निर्णयास ३९ वर्षें झालीं आणि २९ जून २००७ रोजीं ॲपल कंपनीनें आपला आयफोन अमेरिकेंत विक्रीस मांडला. तो चालावयाचा मात्र एकाच कंपनीच्या जाळ्यावर, आणि त्या कंपनीचें नांवही ए. टी. अँड टी. हेंच! जुन्या कंपनीचे सन १९८४ मध्यें तुकडे झाले होते. पुढें सन २००५ मध्यें त्यांतल्याच एका तुकड्यानें तिला विकत घेऊन तिचें नांव धारण केलें होतें. ह्या नव्या फोनाला दोन कुलुपें होतीं. एक जाळ्याचें, म्हणजे दुसऱ्या कंपनीचें सिमकार्ड त्यांत चालत नसे. दुसरें आंतलें, म्हणजे ॲपलनें दिलेल्याखेरीज एकही ॲप त्यांत घालतां येत नसे. फार काय, आपल्या आवडीचें गाणें घंटीच्या जागीं लावण्याचीही मोकळीक नव्हती. पहिलें कुलूप काढण्यास अनलॉक करणें म्हणतात. दुसरें काढण्यास 'जेलब्रेक', म्हणजे तुरुंग फोडणें, असें नांव पडलें.

आंतलें कुलूप दोन आठवड्यांच्या आंतच सैल झालें. जाळ्याचें कुलूप अधिक बळकट होतें. तें ऑगस्टमध्यें न्यू जर्सींतील ग्लेन रॉक गांवच्या जॉर्ज हॉट्झ नांवाच्या अवघ्या १७ वर्षांच्या मुलानें उघडलें. उन्हाळ्याच्या सुटींतले सुमारें ५०० तास त्यानें ह्या कामीं घालविले होते. फोन उकलून आंत डाग देण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. त्यानें मोकळा केलेला एक फोन एका व्यापाऱ्यानें घेतला आणि मोबदल्यांत त्याला एक निसान मोटार व तीन नवे आयफोन दिले. कारखानदार स्वस्थ बसला नाहीं. सप्टेंबरअखेर ॲपलनें फोनासाठीं नवी आज्ञावली पाठविली, आणि ती घेतांच कुलूप काढलेले पुष्कळ फोन निर्जीव झाले. अशा फोनाची 'वीट झाली' असें म्हणण्याचा प्रघात त्या लोकांत आहे.

तरीही गंमत अशी कीं, तुरुंग फोडणारांनीं जें आधीं केलें तेंच कारखानदारानें मागाहून केलें. बाहेरच्या ॲपांसाठीं जे फ्रीमन ह्यानें 'सिडिया' हें भांडार फेब्रुवारी २००८ मध्यें उघडलें. ॲपलचें स्वतःचें दुकान जुलैमध्यें उघडलें. फोनावर चलच्चित्र घेण्याची सोय फोडलेल्या आयफोनांत आधीं होती. कंपनीनें ती सन २००९ मध्यें दिली. ज्याला बंडखोर म्हणून हिणविलें, तोच बिनपगारी संशोधक ठरला.

आतां कायद्याची बाजू पाहूं. अमेरिकेंत सन १९९८ मध्यें असा एक कायदा झाला कीं, ग्रंथ, चित्रपट, आज्ञावली अशा स्वामित्वहक्काच्या वस्तूंचें कुलूप तोडणें हाच अपराध. त्यांतून कोणत्या कृत्यांस सूट द्यावी, हें दर तीन वर्षांनीं ठरविण्याचा अधिकार मात्र काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या मुख्याकडे दिला गेला! म्हणजे फोन फोडावा कीं न फोडावा, हें सांगणार ग्रंथपाल. त्या ग्रंथपालांनीं २६ जुलै २०१० रोजीं आयफोनाचा तुरुंग फोडण्यास सूट दिली. परंतु जाळ्याचें कुलूप काढण्यास सन २००६ पासून असलेली सूट सन २०१२ मध्यें त्यांनींच नाकारली, आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीस न विचारतां अनलॉक करणें बेकायदा झालें. लोकांत मोठा क्षोभ झाला. एक लाखाहून अधिक नागरिकांनीं सह्या करून अर्ज केला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनीं अनलॉक करण्याचा हक्क परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. पेल्याच्या खटल्यांतलें तत्त्व ५८ वर्षांनीं पुन्हा एकदां सिद्ध करावें लागलें. मिळालेला हक्क आपोआप टिकत नाहीं, हा इतिहासाचा धडा येथेंही खरा ठरला.

ह्या साऱ्याचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आयफोन हिंदुस्थानांत २२ ऑगस्ट २००८ रोजीं आला तो ३१,००० रुपयांना. आणि एवढें मोल घेऊनही तो त्या त्या कंपनीच्या कुलुपांतच होता. परंतु मला स्वतःला ह्या प्रश्नाची ओळख झाली ती अँड्रॉइड फोनामुळें. सन २०११ च्या सुमारास माझ्या मुलीनें मला असा एक फोन घेऊन दिला. पुतण्यानें मराठींत पत्र पाठविलें. उघडून पाहतों तों अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन! दुकानदार म्हणाला, "मास्तर, ह्या मॉडेलांत मराठी येत नाहीं." पैसे माझे, भाषा माझी, आणि ती उमटावी कीं नाहीं हें ठरविणार तिसराच!

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तो फोन 'रूट' करून दिला. रूट म्हणजे मूळ. सन १९६९ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्स ह्या आज्ञावलींत सर्वाधिकारी खात्यास हें नांव आहे, आणि अँड्रॉइडचें घराणेंही त्याच वळणाचें आहे. ही प्रयोगशाळा वर सांगितलेल्या ए. टी. अँड टी. कंपनीचीच, हा योगायोग मौजेचा आहे. फोन घेणाराला हें सर्वाधिकारी खातें सहसा दिलेलें नसतें. तें मिळविणें म्हणजे रूट करणें. माझ्या विद्यार्थ्यानें तें मिळवून फोनांत देवनागरी टंक बसविला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं न येतां नंतर येई, जोडाक्षरें फुटलेलीं दिसत. शुद्धलेखन तपासण्यांत जन्म घालविलेल्या मला तें पाहवेना. परंतु पत्र वाचतां आलें. पुढें नव्या अँड्रॉइड फोनांत देवनागरी नीट दिसूं लागली, तरी त्या दिवसाचा आनंद मी विसरलों नाहीं. ह्याच मार्गानें, कारखानदारानें टाकून दिलेल्या जुन्या फोनांना नवी आज्ञावली देऊन त्यांचें आयुष्य वाढविणारेही निघाले. स्टीव्ह कोंडिक ह्याची 'सायनोजेनमॉड' ही त्यांत प्रसिद्ध होती. ती सन २०१६ च्या अखेरीस बंद पडली, आणि तिचा वारसा 'लिनिएजओएस' ह्या आज्ञावलीनें चालविला.

परंतु नाण्याची दुसरी बाजू दडविणें मास्तरास शोभणार नाहीं. नोव्हेंबर २००९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका तरुणानें सोडलेला एक किडा फोडलेल्या आयफोनांतून पसरला, कारण मालकांनीं कुलूप तर तोडलें होतें, पण आंतला ठरीव परवलीचा शब्द बदललाच नव्हता. त्या किड्यानें पडद्यावरचें चित्र तेवढें बदललें. परंतु त्याच महिन्यांत त्याची दुष्ट आवृत्ति हॉलंडांतील एका बँकेच्या ग्राहकांवर टपून बसली. सन २०१६ मध्यें तर असें उघडकीस आलें कीं, 'पेगॅसस' नांवाचें हेरगिरीचें साधन मालकाच्या नकळत दुरूनच आयफोनाचा तुरुंग फोडून आंत शिरतें. ज्या भगदाडांतून मालक शिरतो, त्यांतूनच चोर शिरतो. म्हणूनच आज पुष्कळ बँकांचीं ॲपें रूट केलेल्या फोनावर चालण्याचें नाकारतात. आणि कारखानदार सुरक्षिततेचें जें कारण सांगतो तें सर्वस्वीं खोटें नाहीं.

मग खरें काय? माझ्या अल्प बुद्धीस असें दिसतें कीं, वाद कुलूप असावें कीं नसावें हा नाहीं. किल्ली कोणाच्या हातीं असावी, हा आहे. घराला कुलूप हवेंच. पण त्याची किल्ली घरधन्यास मिळाली म्हणजे त्याला स्वतःच्या घराला भगदाड पाडावें लागत नाहीं. सन २०१० च्या जानेवारींत निघालेल्या गूगलच्या नेक्सस वन फोनांत अशीच सोय होती: उघडावयाचें तर उघडा, परंतु उघडल्यावर हमी राहणार नाहीं, असा स्पष्ट इशारा आधीं दिला जाई. ही प्रामाणिक तडजोड होय. मार्च २०२४ पासून युरोपीय संघाच्या कायद्यानुसार तेथें ॲपलला आयफोनांत दुसऱ्यांचीं ॲप-दुकानेंही येऊं द्यावीं लागलीं, तींही कोणी कुलूप तोडलें म्हणून नव्हे, तर लोकांनीं कायदा केला म्हणून.

पुढच्या वेळीं आपण नवा फोन घ्यावयास जाल तेव्हां त्याचा कॅमेरा आणि रंग पाहालच. त्याबरोबर दुकानदारास आणखीही विचारा: ह्याला कुलुपें कोणतीं आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या मला मिळतील काय? त्याला उत्तर देतां येणार नाहीं कदाचित्. परंतु टेलिफोनाच्या तोंडाशीं बसविलेल्या एका पेल्यापासून हा सारा इतिहास घडला, तो असाच कोणीतरी प्रथम प्रश्न विचारला म्हणून.